गॅस गिझर पेटत नाही, बंब धूर कोंडतो: काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

डिसेंबर उजाडला की महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात. त्याच दिवसांत साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घराघरांतून पहाटे एकच ओरड ऐकू येते, "अजून पाणी तापलं नाही?" थंड देशांत अख्खं घर उबदार ठेवणारी भट्टी तळघरात असते. आपल्याकडे हे काम आंघोळीच्या पाण्यापुरतं असतं आणि ते बंब किंवा गॅस गिझर करतो. दोन्हींत जाळ असतो, त्यामुळे दुखणीही बरीचशी सारखीच निघतात.

गिझर पेटतच नाही

भारनियमनाच्या काळात वीज नसतानाही चालतो म्हणून गॅस गिझर घरोघरी पोचला. त्याच्या आत काय होतं ते कळलं, की निम्म्या तक्रारी मेकॅनिकशिवाय सुटतात. नळ सोडल्यावर पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्याला ढकलतो, त्याने एक छोटा स्विच दाबला जातो, दोन सेलच्या जोरावर टकटक करत ठिणगी पडते आणि त्याच वेळी गॅसची झडप उघडते. म्हणून आधी कान द्यायचा.

टकटक ऐकूच येत नसेल, तर सेल बदलून पाहा. दोन्ही सेल एकदमच बदलायचे. एक जुना आणि एक नवा, ही काटकसर इथे चालत नाही. नवे सेल घालूनही आवाज नसेल, तर पाण्याचा दाब कमी आहे. एक मीटर उंचीमागे साधारण ०.१ बार दाब मिळतो. एकमजली घरात गच्चीवर खालीच ठेवलेली टाकी आणि गिझर यांच्यात दीड-दोन मीटरचंच अंतर असेल, तर अनेक गिझर हटून बसतात. टाकी उंच चौथऱ्यावर ठेवणं हा त्यावरचा खरा उपाय. त्याआधी गिझरच्या पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी मात्र काढून धुवा, तिथे टाकीतला गाळ हमखास अडकलेला असतो.

टकटक होते पण जाळ धरत नाही, याचा अर्थ गॅस पोचत नाही. नवं सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, तेव्हा दोन-तीनदा नळ सोडून बंद करावा लागतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे आणखी एक कारण असतं. गिझर शेगडीच्या एका बर्नरपेक्षा पाच-सहा पट गॅस ओढतो. अर्ध्याहून रिकाम्या सिलिंडरमधल्या द्रवाची कडक थंडीत तितक्या वेगाने वाफ होत नाही, म्हणून जाळ बारीक होतो. अशा वेळी भरलेलं सिलिंडर जोडावं. सिलिंडरला शेकोटीची धग देणं किंवा ते तापलेल्या चुलीजवळ सरकवणं हा जिवाशी खेळ आहे.

काही मिनिटांनी जाळ आपोआप विझतो, ही तक्रार पुष्कळदा तक्रार नसतेच. बऱ्याच गिझरमध्ये साधारण २० मिनिटांनी बंद होण्याची सोय मुद्दाम दिलेली असते. ती काढून टाकायला मेकॅनिकला सांगू नका. कारण पुढे येईलच.

जाळ जोरात असूनही पाणी कोमटच येत असेल, तर आधी धार बारीक करून पाहा. तरीही फरक पडला नाही तर आत क्षार बसलेत. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत हे लवकर होतं. मेकॅनिक सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने नळ्या साफ करून देतो. संडास धुवायचं ॲसिड घरच्या घरी ओतलं, तर तांब्याच्या नळ्याच खराब होतात.

बंबाचं दुखणं

बंब साधा असतो. मधोमध धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. धूर मागे फिरला तर पहिला संशय काजळीने बुजलेल्या नळीवर घ्यावा. थंड बंबात काठीला फडकं बांधून ती वरून खाली साफ करायची. मग राख काढायची, कारण राख साचली की जाळाला खालून हवा मिळत नाही. एवढं करूनही धूर होतोच, तर जळण ओलं आहे. बंबात जाळ टिकत नसेल आणि राख भिजलेली दिसली, तर मधल्या नळीला भोक पडलंय. डाख देऊन ते बुजवता येतं. ही भोकं बहुधा एकाच चुकीने पडतात: पाणी भरायच्या आधी जाळ केला की जोड सुटतात. आधी पाणी, मग काडी, हा आजीचा नियम तिथूनच आलाय.

ज्या बिघाडाचा आवाज येत नाही

आतापर्यंतच्या सगळ्या बिघाडांत नुकसान फार तर गार पाण्याच्या आंघोळीचं. एक बिघाड मात्र वेगळा आहे, कारण त्यात पाणी छान गरम येत असतं.

जाळाचा रंग पाहा. निळा, स्थिर जाळ ठीक. पिवळा, लवलवणारा जाळ आणि गिझरच्या वरच्या भागावर काळं, म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. बर्नरमध्ये धूळ किंवा जाळी साचली तरी हे होतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत घरंच्या घरं पाण्यात गेली. असा पाण्याखाली गेलेला गिझर धुऊन-पुसून तसाच पेटवायचा नसतो, बर्नर उघडून तपासून घ्यावा लागतो.

पण बर्नर स्वच्छ असला तरी हवा संपू शकते. ४ बाय ५ फुटांच्या, ८ फूट उंच न्हाणीघरात सुमारे साडेचार घनमीटर हवा मावते. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते आणि सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासाच्या आतच खोलीतल्या सगळ्या हवेइतकी हवा त्याला लागते, आणि जाळ बिघडायला त्याच्याही बऱ्याच आधी सुरुवात होते. थंडीत वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावायची सवय इथे घात करते. एकामागोमाग दोघं-तिघं आंघोळीला जातात, तेव्हा नंतरच्याला धोका जास्त.

एलपीजीला वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, पायांतलं बळ जाणं ही त्याची लक्षणं, आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल. कडी उघडण्याइतकंही त्राण उरत नाही, म्हणून माणूस आतच पडतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचंही हेच होतं.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा. जुन्या घरात हे लगेच जमणार नसेल, तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावा. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही, बाहेरची हवा आत यायला खाली कायम उघडी झडपही लागते.

आतून हाकेला ओ आली नाही तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन लावा. गॅसगळतीचा वास येत असेल तर १९०६ हा क्रमांक आहे. दवाखान्यात पोचल्यावर "गॅस गिझर चालू होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही तो ९८ दाखवू शकतो.