दिनविशेष : १० नोव्हेंबर – श्रीरामपूरच्या शाळेतून कसोटीच्या मैदानात

१० नोव्हेंबर २००० : बांगलादेशाचा पहिलाच कसोटी सामना आजच्या दिवशी ढाक्यात भारताविरुद्ध सुरू झाला. सौरव गांगुलीचा कर्णधार म्हणून आणि डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खानचा खेळाडू म्हणूनही हा पहिला कसोटी सामना. झहीर मूळचा श्रीरामपूरचा. हिंद सेवा मंडळाची न्यू मराठी प्राथमिक शाळा आणि के. जे. सोमैया हायस्कूल या तिथल्या शाळांचा तो माजी विद्यार्थी. अभियांत्रिकीची वाट सोडून त्याने मुंबई गाठली. रणजी करंडकात नाव कमावले ते बडोद्याकडून. ९२ कसोटींत त्याने ३११ बळी घेतले. २०११च्या विश्वचषकविजयात त्याचे २१ बळी होते. त्या स्पर्धेत शाहिद आफ्रिदीबरोबर ते सर्वाधिक ठरले. २०२० मध्ये त्याला पद्मश्री जाहीर झाली.