घरची बीअर आणि विकतची : एका जुन्या हिशेबाची फेरतपासणी

बीअर घरी करणे स्वस्त की विकत आणणे स्वस्त, हा प्रश्न आजच्या हौशी मंडळींनी प्रथम विचारला, असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये विल्यम कॉबेट या पत्रकाराने 1821 सालीच त्याचे गणित पै-पैशासह मांडून ठेवले आहे. हा तोच कॉबेट, ज्याने स्वतः अँग्लिकन असूनही 1824 ते 1826 या काळात प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा इतिहास लिहिला आणि मठ बुडाल्याने गोरगरिबांचा आधार कसा तुटला, हे आपल्या देशबांधवांना सुनावले. त्याची लेखणी तिखट होती. परंतु मजुराच्या चुलीपर्यंत जाऊन हिशेब करणारे लेखक कोणत्याही काळात थोडेच असतात.

‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात तो म्हणतो की, चाळीस वर्षांपूर्वी घरी बीअर न करणारा मजूर क्वचितच आढळे. आता करणारा आढळत नाही. कारणे तीन : माल्टवरील कर, हॉप्सवरील कर आणि घसरलेली मजुरी. (माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेले जव.) बीअर सुटली आणि तिच्या जागी चहा आला. कॉबेटचा चहावर इतका राग, की त्याने त्याचा वर्षाचा खर्चच मांडला. चहा 18 पौंड वजनाचा, किंमत 4 पौंड 10 शिलिंग; साखर 54 पौंड वजनाची, 1 पौंड 11 शिलिंग 6 पेन्स; त्यावर दूध, कपबशा, दोनशे वेळा पेटवलेला विस्तव, चहा करण्यात गेलेल्या तीस दिवसांची मजुरी 15 शिलिंग, आणि चहाने समाधान न होऊन मजूर गुत्त्यात जातो त्याचे 1 पौंड 19 शिलिंग. एकूण 11 पौंड 7 शिलिंग 2 पेन्स. चांगल्या मजुराच्या वर्षाच्या कमाईचा हा तिसरा हिस्सा! उलट वर्षाला 274 गॅलन घरची बीअर 15 बुशेल माल्ट आणि 15 पौंड हॉप्सच्या फुलांत होते, आणि ती चहापेक्षा पुष्कळच स्वस्त पडते, असे त्याचे सांगणे.

गुत्त्याचा खर्च चहाच्या खात्यावर टाकण्याची ही युक्ती वाचून आम्हांस हसू आल्याशिवाय राहिले नाही. पण बेरीज बरोबर आहे. अडचण बेरजेत नाही, ती भांड्यात आहे. कॉबेट चाळीस गॅलनचे तांब्याचे भांडे आणि साठ गॅलनचे लाकडी पीप सांगतो. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याने ते कोठून आणावे? एवढे पाणी उकळायचे तर सरपण हवे. आणि गायराने कुंपणात गेल्यामुळे रानातून काट्याकुट्या आणण्याचा गरिबाचा जुना हक्क ठिकठिकाणी बुडाला होता. भिजवणे, उकळणे, निववणे यांत गृहिणीचा एक दिवस जाई, तो वेगळाच. वर्षाअखेर पैसे वाचतील हे खरे. पण वाचवण्यासाठी आधी हाती पैसे असावे लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट कराची आहे. माल्ट आणि हॉप्स यांवरचा कर सर्वांनाच भरावा लागे. परंतु तयार बीअरवरचा कर फक्त विक्रीसाठी बीअर करणाऱ्यावर होता. कडक बीअरच्या 36 गॅलनच्या पिंपामागे तो सुमारे 10 शिलिंग पडे. घरी करणाऱ्याला तो माफ. म्हणजे ज्या जमीनदाराच्या वाड्यात भले मोठे भांडे होते, तो या करातून सुटला. आणि ज्याला भांडे परवडत नव्हते, तो मजूर गुत्त्यातल्या प्रत्येक पेल्यागणिक कर भरत राहिला. घरच्या बीअरमधील बचतीचा मोठा वाटा हा असा होता. आमच्या ठाणे जिल्ह्यातील वाचकांना हे नवल वाटणार नाही. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याच्या सुमारास ताडीच्या झाडांवरील करवाढीचा भार कोणावर पडला, हे त्यांच्या पूर्वजांना ठाऊक होते.

हा अन्याय पार्लमेंटातही बोलला गेला, आणि 1830 साली बीअरवरचा कर रद्द झाला. परिणाम मात्र कॉबेटच्या मनाविरुद्ध झाला. विकतची बीअर स्वस्त झाली, दोन गिनींचा परवाना काढून कोणीही बीअरचे दुकान थाटू लागला, आणि घरी बीअर करण्यातला फायदाच आटला. मोठ्या कारखान्यांशी घरचे भांडे टिकेना. 1880 मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून पुन्हा बीअरवर बसवला, तोवर ही गृहविद्या बहुतेक ठिकाणी लोपत आली होती. त्याच कायद्याने घरी बीअर करणाऱ्यालाही परवाना लागू झाला. तो 1963 साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला आणि पुढील दशकात औषधांच्या दुकानांतूनही बीअरचे तयार सामान विकले जाऊ लागले. अमेरिकेत अशी मोकळीक देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये सही केली. एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत. आमच्या महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून घरी बीअर करणे गुन्हाच आहे, तेव्हा येथे बचतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

आज इंग्लंडमध्ये घरगुती संचातून एका वेळी सुमारे चाळीस पाइंट बीअर निघते. नुसत्या सामानाचा खर्च धरला तर ती विकतच्यापेक्षा स्वस्त पडते. विकतच्या बाटलीत कर असतो, काच असते, वाहतूक असते, पगार असतात. घरी स्वतःपुरती केलेल्या बीअरवर कर नाही. मात्र भांडी, नळ्या आणि तापमान राखणारी यंत्रे वर्षागणिक वाढत गेली, की ती बचत पाहता पाहता नाहीशी होते. आणि बाटल्या धुण्यात गेलेला शनिवार हिशेबात धरावा काय? कॉबेटने चहाचे तीस दिवस धरले होते, दिवसाला सहा पेन्सप्रमाणे.