नाशिकचा गोदाकाठ : दगडाचे वय आणि पाण्याची खूण

त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे तीस किलोमीटरांवर नाशिक शहरात शिरते आणि रामकुंडापाशी वळून थोडे अंतर दक्षिणेकडे वाहते. या वळणामुळेच ती येथे ‘दक्षिणवाहिनी’ म्हटली जाते आणि तीर्थाचे माहात्म्य याच पट्ट्याला लाभले आहे. उजव्या तीरावर टेकाडांवर वसलेले जुने नाशिक, डाव्या तीरावर पंचवटी आणि मधला घाट एवढेच क्षेत्र बहुतेक यात्रेकरू पाहून जातात. तेथे ऐकू येणाऱ्या कथा त्रेतायुगातल्या असतात. डोळ्यांसमोरचा दगड मात्र बहुतांशी अठराव्या शतकातला, म्हणजे पेशवाईतला असतो. हे अंतर ध्यानात घेतल्याखेरीज या शहराचा उलगडा होत नाही.

वस्ती अर्थातच पेशवाईपेक्षा फार जुनी आहे. नदीकाठच्या ‘मातीची गढी’ या पांढरीवर, म्हणजे जुनी वस्ती गाडली जाऊन तयार झालेल्या उंचवट्यावर, ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनचे, म्हणजे तांबे आणि दगड अशी दोन्हींची हत्यारे वापरात असलेल्या काळापासूनचे थर हाती आले. पण मातीचे थर माणसांची नावे सांगत नाहीत. ती पाहण्यासाठी नदी सोडून मुंबईच्या रस्त्याने सुमारे आठ किलोमीटरांवरच्या त्रिरश्मी डोंगरावर, अर्थात पांडवलेण्यांवर जावे लागते. पांडवांशी काडीचा संबंध नसलेली ही चोवीस बौद्ध लेणी नाशिकच्या प्राचीन नागरी जीवनाबद्दल घाटावरच्या कोणत्याही देवळापेक्षा अधिक बोलतात. लेणे क्रमांक १९ सातवाहन राजा कण्ह याच्या काळात नाशिकच्या श्रमण-महामात्राने, म्हणजे भिक्षुसंघाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने कोरविले असे तेथील लेख सांगतो. गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘नासिक’ असेच होते, हे त्यावरून निःसंशय ठरते. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथे कापले म्हणून हे नाव पडले की नऊ शिखरांवरून, हा वाद मात्र त्याने मिटत नाही.

सर्वांत बारकाईने वाचावे ते लेणे क्रमांक १०. क्षहरात घराण्याचा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने येथे आपल्या दानांची यादीच कोरून ठेवली आहे. भरुकच्छ, दशपूर, शूर्पारक आणि नाशिकशेजारचे गोवर्धन येथे त्याने धर्मशाळा बांधल्या आणि तापी, दमण, दाहानुका यांसारख्या नद्यांवर वाटसरूंसाठी फुकट होड्या ठेवल्या. त्या यादीत गोदावरीचे नाव नाही, ही गोष्ट चटकन लक्षात येते. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, गोवर्धनातील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून दिली. श्रेणी ही एका व्यवसायातील कारागिरांची संघटना असे आणि ती पेढीचेही काम करी. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवराच्या, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राच्या, कापडासाठी त्यातून बारा कार्षापण द्यायचे होते, म्हणजे हिशेब अगदी पुरा बसतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदविल्याचेही लेख सांगतो. मुद्दल परत घ्यायचे नाही, हे खडकावर लिहून ठेवण्याइतका विश्वास ज्या गावातील विणकरांवर होता, ते गाव केवळ तीर्थ नव्हते, बाजारपेठही होते.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे राज्य बुडविले. त्याचे वर्णन लेणे क्रमांक ३ मध्ये त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, कोरलेले आहे. नाशिकजवळच गोदावरीकाठी जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. बलश्रीच्या लेखातील प्रशस्तीवर, म्हणजे स्तुतिपर वर्णनावर, शंका घेणाऱ्यांना हा पुरावा पुरेसा व्हावा.

मधल्या शतकांबद्दल थोडक्यात एवढेच की मोगली अंमलात शहराचे नाव गुलशनाबाद झाले आणि अठराव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांचा अंमल बसल्यावर जुने नाव परत रूढ झाले. आजचा घाट घडला तो याच सुमारास. रामकुंड खटावच्या एका जमीनदाराने त्याआधीच, १६९६ मध्ये, बांधले होते आणि पुढे पेशवे माधवरावांच्या आई गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी पंचवटीच्या काठावर १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराला लोक नारोशंकराचेच देऊळ म्हणतात. त्याच्या तटावर नदीकडे तोंड करून टांगलेली मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण मानली जाते. पलीकडच्या तीरावर गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचे सुंदरनारायण मंदिर १७५६ चे आहे. सिंहस्थातील, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वातील स्नानांची वाटणीही त्याच शतकाच्या अखेरीस झालेल्या आखाड्यांच्या संघर्षानंतर पक्की झाली : वैष्णव नाशिकला, शैव त्र्यंबकेश्वरला.

सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविलेल्या काळाराम मंदिराचा इतिहास बांधकामापाशी संपत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी तेथे मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड यांनी तो स्थानिक पातळीवर काही वर्षे चालविला. मंदिराचे कोरीव काम दाखविताना हा सत्याग्रह ओझरता उल्लेखून पुढे जाणे म्हणजे विसाव्या शतकातील नाशिकचे सर्वांत मोठे पर्व गाळणे होय.

नदीशी या दगडांचे नाते दिसते ते पावसाळ्यात. घाटावर उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही शहराची पूरमापक पट्टी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, यावरून काठच्या बाजारातील दुकानदार माल वर हलवायचा की नाही हे ठरवितात. पूर त्याहून चढला की सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजल्या जातात. वाड्याचे जोते उंच ठेवणाऱ्यांना आणि देवळांना तट घालणाऱ्यांना नदीची सवय ठाऊक होती, असे म्हणावयास जागा आहे. आपल्या काळाने मात्र सिंहस्थाच्या तयारीत पात्राच्या तळाला काँक्रीट घातले, त्याखाली जुन्या कुंडांचे जिवंत झरे दडपले गेल्याची तक्रार होत राहिली आणि हे काँक्रीट काढण्याची मागणी न्यायालयापर्यंत गेली. वरच्या अंगाला गंगापूर धरण १९६५ मध्ये पुरे झाल्यावर पुराचा धाक संपेल असे वाटले होते. तरी १९६९ मध्ये मोठा पूर आलाच, आणि २००८, २०१६, २०१९ या वर्षीही पाणी बाजारात शिरले. धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा आता दर तासाला क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा, जाहीर होतो, आणि तो ऐकूनही नाशिककर विचारतात ते एवढेच, की दुतोंड्याला पाणी कुठवर आले.