दोन शिरूर आणि सहा अंक

लातूर जिल्ह्यांत शिरूर नांवाचीं दोन ठिकाणें प्रसिद्ध आहेत. एक शिरूर अनंतपाळ. दुसरें अहमदपूर तालुक्यांतील शिरूर ताजबंद. बीडकडील शिरूर कासार आणि पुण्याकडील घोडनदीकांठचें शिरूर हीं आणखी निराळीं. लोकांनीं मूळ नांव टाकलें नाहीं. त्यास पुस्ती जोडली. बुद्रुक आणि खुर्द हीं उपपदें याच गरजेंतून रूढ झालीं. फारसींतील ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरलें व ‘खुर्द’ म्हणजे धाकटें.

बोलण्यांत ही सोय पुरते. पत्त्यांत पुरत नाहीं. नांदेडकडील माळेगांव खंडोबाच्या यात्रेचें, नाशिककडील मालेगांव यंत्रमागांचें. मराठींतील ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा हा भेद रोमन लिपींत लोपतो. अनेक भाषा व लिपि असलेल्या देशांत टपालाची अशी गफलत टळावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा अंकी पिन कोड सुरू झाला. त्याचे योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी आणि संस्कृत कवि होते. लातूरचा क्रमांक ४१३५१२, नांदेडचा ४३१६०१. पहिले तीन आंकडे तेच. क्रम बदलतांच टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा बदलतो. शेवटचे तीन आंकडे नेमकी टपालकचेरी दाखवितात.

पुढें संगणकांच्या जाळ्यावर देखरेख करणाऱ्यांपुढें हाच प्रश्न आला. एका यंत्रावर एकाच आज्ञावलीच्या चार प्रती चालू असतात. त्यांतील एक बंद पडली, तर ‘आज्ञावली चालू आहे’ हें उत्तर खरें असूनही निरुपयोगी ठरतें. अडलेल्याचें काम अडलेलेंच राहतें. देखरेखीचा जो साधा नियमसंच १९८८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत प्रत्येक बाबीस अंकांची उतरंड दिली असून तिच्या शेवटचे अंक नेमकी प्रत सांगतात. १९९३ च्या एका पुरवणीनें चालू असलेल्या प्रत्येक प्रतीस स्वतंत्र क्रमांक दिला.

परंतु हा क्रमांक टपालाच्या क्रमांकासारखा टिकाऊ नसतो. प्रत बंद होऊन पुन्हां सुरू झाली कीं तिला बहुधा नवा आंकडा मिळतो. त्या पुरवणींत क्रमांकाशेजारीं आज्ञावलीचें ठिकाण व तिला दिलेल्या सूचना यांचेही रकाने आहेत. आंकडा बदलला, तरी या पुस्तीवरून प्रत ओळखतां येते.

पाकिटावरही अंकांच्या जोडीला गांवाचें पुरें नांव लिहावें लागतें. अंक टपालकचेरीपर्यंत नेतो. तेथून पुढें माणूस नांवावरच शोधावा लागतो.