दुपटं

लालबागच्या चाळीत आजी दुपारी दुपटं शिवायला बसे. वरच्या आणि खालच्या थराला तिचं धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी, मध्ये आजोबांनी गिरणीतून आणलेल्या चिंध्या, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा.

शब्द मात्र दोनच थर मोजतो. संस्कृत ‘द्वि’ आणि ‘पट्ट’, म्हणजे दुहेरी वस्त्र. ‘द्विप्रहर’ची दुपार झाली, त्याच वाटेनं ‘द्वि’चा इथेही ‘दु’ झाला. हिंदीतला दुपट्टा याचाच सख्खा भाऊ. तो खांद्यावर मिरवतो, आपलं दुपटं बाळाखाली भिजतं! याच गोधड्यांच्या कुळातली चौघडी चार घड्यांची. कंथा बैराग्याच्या अंगावरची, आणि बंगालीत तीच काँथा. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून दुपटं जुन्याचंच हवं, हा आजीचा हट्ट. दुकानातली गुळगुळीत दुपटी पाहिली की मलाही तो पटतो.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घरात चिंध्या येणं थांबलं. त्यानंतरच्या दुपट्यांत आजोबांचे खाकी शर्ट आहेत. धाकट्या काकाच्या मुलीचं दुपटं अजून माझ्या कपाटात आहे. एका कोपऱ्यात खिसा तसाच राहिलाय.