गिरण्यांची जमीन आणि न झालेली उद्याने

बंद गिरण्यांच्या जागेवर उद्याने आणि मैदाने व्हावीत काय, असे मुंबईकराला विचारले असते, तर बहुधा होकारच मिळाला असता. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील भोंगे एकामागून एक थांबत गेले. लालबाग, परळ, वरळी, भायखळा, शिवडी या परिसरातील ५८ गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. दरडोई जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर मोकळी जागा असलेल्या शहराच्या ऐन मध्यभागी एवढी जमीन पुन्हा कधी मोकळी होणार नव्हती. चाळीतल्या एका खोलीत दहा माणसे राहणाऱ्या या भागाला नरे पार्क आणि कामगार मैदान यांसारख्या मोजक्याच जागांचा आधार होता. तरीही या जमिनीतून उद्यानांच्या वाट्याला फार थोडे आले.

प्रारंभी नियम अनुकूल होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना स्थूलमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यायचा आणि उरलेला मालकाने विकसित करायचा होता. मालकांना हा सौदा परवडण्यासारखा वाटला नाही. जमीन तशीच ठेवणे किंवा जुन्या इमारतींचाच नवा वापर करणे त्यांनी पसंत केले. दहा वर्षांत शहराच्या हाती फारसे काही लागले नाही, हे कारण पुढे करून २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ ‘मोकळ्या’ जमिनीपुरती मर्यादित झाली. बांधकामाखालील जमीन हिशेबातून वगळली गेली.

या एका शब्दाचा परिणाम साध्या उदाहरणाने कळतो. पंधरा एकरांच्या गिरणीत नऊ एकरांवर शेड आणि गोदामे असतील, तर मूळ नियमाने उद्यानासाठी सुमारे पाच एकर मिळाले असते. दुरुस्तीनंतर सहा एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोनच एकर. गिरण्या बहुतेक दाटीवाटीने बांधलेल्या होत्या, हे येथे लक्षात घ्यावे.

जनमत एकमुखी होते, असे मात्र म्हणता येणार नाही. पर्यावरणवादी संस्था व नगररचनाकारांना मोकळी जमीन हवी होती. मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा भर कामगारांच्या थकीत देण्यांवर होता आणि ती देणी जमीन विकल्याखेरीज मिळणे कठीण होते. दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखालील बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने घरांचा प्रश्न लावून धरला. पुढे या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले, यावरून त्या गरजेची तीव्रता कळावी. ज्याची नोकरी गेली आणि राहती खोलीही जाण्याच्या बेतात होती, त्याला झाडे-हिरवळीची भाषा सुखवस्तूंची वाटली असेल, तर त्याला दोष देता येत नाही. वास्तविक मूळ नियमात घरे आणि उद्याने परस्परविरोधी नव्हतीच. दोघांचे वाटे एकाच दुरुस्तीने आटले. पण भांडण मात्र ‘घर की उद्यान’ असे रंगले.

प्रकरण न्यायालयात गेले. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली. दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. दादरची कोहिनूर मिल क्र. ३ तेव्हा ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. त्या भावाच्या जमिनीवर बाग फुलवा, असे सांगणारा आवाज क्षीण ठरणे स्वाभाविक होते.

अशा वादात लोकांना थेट मत देता आले, असे उदाहरण बर्लिनचे आहे. तेथील टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून नागरिकांना उद्यान म्हणून खुला झाला. त्याच्या कडेने घरे बांधण्याच्या प्रस्तावावर मे २०१४ मध्ये सार्वमत झाले. ६४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी जागा मोकळीच ठेवण्याचा कौल दिला. घरांची टंचाई तेथेही होतीच. आपल्याकडे अशी तरतूद नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार नागरिकांना हरकती व सूचना नोंदवता येतात. त्या स्वीकारणे बंधनकारक नसते.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्येच वेगळा मार्ग सुचवला होता. सुट्या गिरण्यांऐवजी जमिनींचा एकत्रित विचार करावा, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या परिसरात प्रशस्त सार्वजनिक चौक करावा, अशा त्यातील कल्पना होत्या. अहवाल बाजूला पडला, कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि गिरणगावात रोज येणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी याच दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला.

पडीक जमिनीचे उद्यान होऊच शकत नाही, असे नाही. माहीम-धारावीच्या सीमेवर मिठी नदीच्या काठी जेथे कचऱ्याचे डोंगर होते, तेथील ३७ एकरांवर आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ते १९९४ मध्ये खुले झाले. जमीन सरकारी होती आणि कचऱ्याच्या ढिगावर तेव्हा कोणाचा डोळा नव्हता, ही त्यामागची दोन महत्त्वाची कारणे. झाडी वाढली, तशी आसपासच्या जमिनीची किंमतही वाढली. धारावी पुनर्विकासाच्या क्षेत्रात हे उद्यानही असल्याचे दिसल्यावर नागरिक आणि पर्यावरणप्रेमी संस्था पुन्हा एकदा न्यायालयापर्यंत गेल्या. उद्यान प्रकल्पात समाविष्ट नाही, असे नंतर तेथे सांगण्यात आले.