पाण्यासाठी राखलेलं रान

1929 च्या जानेवारीत मुंबईतल्या विहार तलावाच्या परिसरात एका शिकाऱ्याने वाघ मारला. साष्टी बेटावरच्या वाघांच्या ज्या अखेरच्या नोंदी सांगितल्या जातात, त्यांतली ही एक. त्याआधी शंभर वर्षं मागे गेलं तर मलबार हिलवरही वाघ आल्याच्या नोंदी सापडतात. त्या काळात वन्यप्राणी बघायचा तो बंदुकीच्या माशीवरून, आणि बघून झालं की त्याचं कातडं दिवाणखान्यात टांगायचं.

त्याच रानाला आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. जवळपास 104 चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड-भांडुप, उत्तरेला ठाण्याची घोडबंदर पट्टी. चहूबाजूंनी इमारती असलेल्या या जंगलात वाघ उरला नाही, पण बिबट्या राहिला. सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून शिलोंड्याच्या वाटेने निघालेली माणसं धनेश, स्वर्गीय नर्तक आणि खंड्याच्या जाती शोधत असतात, तेव्हा आपण कुणाच्या हद्दीतून चाललो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

एवढ्या महागड्या जमिनीवर एवढं रान टिकलं कसं? उत्तर पाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली आणि तिच्या विहिरी-तळी अपुरी पडू लागली. हेन्री कोनिबेअर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार मिठी नदीच्या खोऱ्यात 1856 साली काम सुरू झालं आणि 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात पोचलं. मागोमाग 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. तलाव स्वच्छ राहायचा तर भोवतीच्या डोंगरउतारांवर झाडी हवी आणि वस्ती नको, हा सरळ हिशेब होता. रान वाचलं ते शहराच्या तहानेपायी. प्राण्यांचा विचार पुष्कळ उशिरा आला.

खरं तर या डोंगरातल्या पाण्याचा हिशेब त्याहून फार जुना आहे. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीशेजारी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहे. पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून कातळावर पन्हळी खोदलेल्या आजही दिसतात. भिक्षूंचा विहार इथे हजार वर्षांच्या आसपास नांदता राहिला, तो या टाक्यांच्या भरवशावर.

प्राण्यांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला शिकवणारी संस्थाही याच शहरात उभी राहिली. 1883 च्या सप्टेंबरात आठ गृहस्थांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते, हे मराठी वाचकांना फारसं सांगितलं जात नाही. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग तर्खडकर, दुसरे वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. डॉ. रखमाबाई ज्यांच्या घरात वाढल्या, ते हेच सखाराम अर्जुन. समाजसुधारणेची आच आणि पानाफुलांची ओढ एकाच घरात नांदत होती.

याच सोसायटीच्या दारात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक मुलगा मारलेली चिमणी घेऊन गेला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि त्याला तिची जात कळत नव्हती. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी ती ओळखून दिलीच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटं त्याच्यासमोर उघडली. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

सलीम अलींचं नाव घेतलं की मुंबई आणि भरतपूर आठवतं. मराठवाड्याचा त्यांच्याशी असलेला धागा मात्र सहसा कुणाला आठवत नाही. हाती नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला: खर्च तुमचा, माझं काम बिनपगारी. त्यातून 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी झाली. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. संस्थानच्या पक्ष्यांची ही पहिली मोठी शास्त्रीय पाहणी. बंदूक याही पाहणीत होती, कारण नमुने गोळा करावे लागत. पण सलीम अलींच्या नोंदवहीत पक्ष्याच्या पिसांबरोबर त्याचं खाणं, घरटं, वावरायची जागा या गोष्टी येऊ लागल्या होत्या. मेलेल्या पक्ष्याच्या मापांपेक्षा जिवंत पक्ष्याचं वागणं मोलाचं, हा पुढच्या पिढ्यांनी उचललेला धडा अशा पाहण्यांतून घडत गेला.

बोरिवलीच्या रानाला कायद्याचं संरक्षण टप्प्याटप्प्याने मिळालं. सुरुवातीला कृष्णगिरी नावाचं राष्ट्रीय उद्यान होतं, वीस चौरस किलोमीटरच्या आसपास. 1969 नंतर ते वाढलं, 1974 मध्ये बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1981 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. सिंहांची सफारी आली, वनराणी नावाची छोटी आगगाडी आली आणि रविवारची सहल ठरून गेली. जंगलापेक्षा बगीचा बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, पण त्या गर्दीतल्याच एखाद्या पोराने पहिल्यांदा चितळ पाहिलं, हेही विसरता येत नाही.

शहराचा रेटा कुंपणापाशी थांबला नाही. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं मुंबईत आणून सोडली. त्यांच्या आगेमागे आणि त्यांच्यासारखेच देशभरातून आलेले लोक जिथे जागा मिळेल तिथे राहिले, आणि काही जागा जंगलाच्या उतारावर होत्या. पुढे बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने न्यायालयात धाव घेतली आणि 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पडल्या. पात्र ठरलेल्यांसाठी चांदिवलीत घरं बांधायची ठरली. जंगलासाठी हा निर्णय आवश्यक होता. पण ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांनी त्याची किंमत मोजली, आणि उद्यानाच्या इतिहासात त्यांचं पान अगदीच पुसट आहे.

मग 2004 चा जून आला. त्या एका महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत बळी गेलेल्यांची संख्या दहाच्या घरात पोचली आणि मुंबई हादरली. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. या हल्ल्यांचं कारण शोधताना बोट जुन्नरकडे गेलं. तिथल्या उसात बिबटे वाढले होते आणि गावकऱ्यांच्या मागणीवरून ते पकडून दूरच्या जंगलांत सोडले जात. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं की असं केल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट वाढतात. परक्या मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, घराकडे परतू पाहतं आणि त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतो. पकडून दुसरीकडे सोडण्यावर हात आखडता घेतल्यावर बोरिवलीतही हल्ले कमी होत गेले. 2011 मध्ये उद्यानाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या काळात ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. वनखातं, अभ्यासक आणि जंगलाशेजारची वस्ती एका जागी बसू लागली. कचरा वेळेवर उचला, अंधारात मुलांना एकटं पाठवू नका, बिबट्या दिसला तर घोळका करू नका. सांगायच्या गोष्टी इतक्या साध्या होत्या.

उद्यानातल्या आदिवासी पाड्यांतल्या वारल्यांना त्यातलं बरंचसं शिकवावं लागलं नाही. त्यांचा वाघोबा हा देव आहे, आणि त्यात वाघही आला नि बिबट्याही. महाराष्ट्रात वाघोबाची दीडशेच्या आसपास देवस्थानं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवायचा, आपली नि गुरांची राखण मागायची. मराठवाड्यातल्या देवणीत त्याच तिथीला वसुबारस असते. ज्या गावाच्या नावाने गाईबैलांची जात देशभर ओळखली जाते, तिथे त्या संध्याकाळी गाय-वासराला ओवाळलं जातं. एका तिथीला एकीकडे गाय पुजली जाते आणि दुसरीकडे तिला खाऊ शकणारं जनावर. दोन्ही पूजांमागे गोठ्याचीच काळजी आहे.

गोठ्याचा हा संबंध मुंबईतही खोटा नाही. उद्यानाला लागून असलेली आरे वसाहत 1949 मध्ये शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी वसवली गेली, 1,287 हेक्टरवर. गवताची कुरणं आणि गोठे यांच्या आधाराने भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्या मागावर बिबटे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने अंदाज मांडला की उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे 1,500 कुत्री खातात आणि त्यामुळे आसपास कुत्री चावण्याचं प्रमाण कमी राहतं. याच आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी 2019 च्या ऑक्टोबरात 2,141 झाडं तोडली गेली. त्यानंतर 2020 मध्ये आरेची 812 एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला.

आता बघणाऱ्याच्या हातात कॅमेरा आहे, आणि तो कॅमेरा झाडाला बांधून माणूस घरी जातो. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके दोन जनावरांत सारखे नसतात, त्यामुळे फोटोवरून एकेक ओळखता येतो. निकित सुर्वे यांनी उद्यान, आरे आणि नागला भागात केलेल्या 2015 च्या गणनेत 35 बिबटे सापडले, 2018 मध्ये 47. पक्षीनिरीक्षकांचीही संख्या वाढली. 2005 पासून मुंबईत बर्ड रेस भरते, एका दिवसात कोण किती जाती पाहतं याची. गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्गशिक्षण केंद्र 1993 पासून चालू आहे आणि शाळांच्या कितीतरी मुलांनी पहिलं कोळ्याचं जाळं नीट पाहिलं ते तिथे.

2021 मध्ये वनखात्याने वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडियाच्या मदतीने काही बिबट्यांना रेडिओ कॉलर बांधल्या. सावित्री नावाची मादी पहिली. महाराजा नावाचा नर फिरत फिरत वसई-दिवा रेल्वेमार्ग ओलांडून पलीकडे गेला नि परतही आला. कागदावरचं उद्यान जिथे संपतं तिथे त्याचा मुलूख संपत नव्हता. उद्यानाच्या डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा निघतो आहे, घोडबंदर रस्त्यावरची वाहनं दरवर्षी वाढत आहेत. तो रस्ता प्राण्यांना खालून किंवा वरून सुखरूप ओलांडता यावा, म्हणून मार्ग बांधण्याची मागणी अभ्यासक सातत्याने करत आहेत.